तीन नंबरचा पंखा

नीलकमल परमिट रूममध्ये गिऱ्हाइकाला ‘आता पुरे’ असं तोंडाने सांगायची पद्धत नव्हती. मालकीणबाई हिराताई ढमढेरे त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करायच्या. काउंटरमागे लाकडी बोर्ड होता, त्यावर काळी गोल बटणं आणि प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने टेबलाचा नंबर. बटण खट् वाजलं की सगळे वर बघायचे, आपला तर नाही ना. ज्याचा असेल त्याला पंखा पुरता थांबेपर्यंत बसायची मुभा होती. तेवढ्यात ग्लास संपवायचा, टेबलाखाली चप्पल शोधायची आणि निघायचं. वकील असो की नगरसेवकाचा मेहुणा, नियम एकच. पंखा बंद झाल्यावर हुज्जत घातलेला माणूस तिथे पुन्हा दिसत नसे.

तीन नंबरचा पंखा थांबायला सर्वांत जास्त वेळ लावायचा. वेटर कचरूमामा वर्षातून दोनदा स्टुलावर चढून पंख्यांना तेल द्यायचे आणि तीन नंबरला जरा सढळ हाताने द्यायचे, अशी बाकीच्यांची तक्रार होती. एकदा संध्याकाळी वीज गेली तेव्हा बापूराव कणसे यांनी घड्याळ लावून सगळे पंखे मोजले होते. तीन नंबर, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. ते टेबल त्यांचंच. सहाला येणं, दोन पेग, खारे शेंगदाणे आणि साडेसातला उठून कर्वेनगरची बस. हिराताई काउंटरवर बसायला लागून सत्तावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बापूरावांचा पंखा एकदाही बंद झाला नव्हता.

मोजणं हा त्यांचा पेशाच. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं भूकरमापक. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असताना त्यांनी मधून साखळी ओढलेली होती. काम झालं की वरचा अधिकारी विचारायचा, “कणसे, बरोबर आहे?” आणि ते म्हणायचे, “बरोबर आहे.” हे उत्तर कधी मागे घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांच्या हातून एकच खोटी रेघ निघाली, तीही निवृत्तीनंतर, आणि तीही देवासाठी.

नीलकमल जिच्या तळमजल्यावर होतं ती सदाशिव पेठेतली ‘साफल्य’ इमारत पाडून तिथे अकरा मजले होणार, हे सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. वरच्या भाडेकरूंना फ्लॅट मिळणार होते, तळमजल्यावरच्या दुकानदारांना तेवढंच दुकान. हिराताईंनाही तेवढीच जागा कबूल झाली होती. मे महिन्यात बिल्डरची आर्किटेक्ट चैताली नकाशांची गुंडाळी घेऊन आली. गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतली ती नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि अडचण सांगितली. जागा मिळेल, परवाना मिळेलच असं नाही. दारूचा परवाना जागेला चिकटलेला असतो. इमारत पडली की नव्या जागेची तपासणी नव्याने होणार, आणि नोंदणी झालेलं देऊळ पंचाहत्तर मीटरच्या आत असेल तर परवाना नाही. जुन्या नीलकमलला तो नियम लागत नव्हता, कारण नीलकमल देवळाच्या आधीचं.

“कुठलं देऊळ?” हिराताईंनी विचारलं.

चैतालीने बोट ठेवलं तो कोपरा सगळ्यांना पाठ होता. सोड्या मारुती.

हा मारुती नीलकमलच्याच लोकांनी बसवला होता. दोन हजार नऊ साली रस्ता खणताना पिंपळाखालचा शेंदराचा दगड निघाला आणि मुकादमाने तो राडारोड्याच्या ट्रकजवळ ठेवला. नीलकमलमधून बाहेर पडलेल्या चौघांना ते बघवेना. कचरूमामांनी सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं आणलं, उपडं घातलं आणि त्यावर मारुती ठेवला. तात्पुरता. पेठेत तात्पुरत्याला नाव पडलं की ते कायमचं होतं. पुढे चौथरा आला, जाळी आली. करीमभाई तांबोळींनी गाभाऱ्यात लावायला रामाच्या तसबिरीला सागवानी चौकट करून दिली. करीमभाईंचं फ्रेमचं दुकान होतं, ते बापूरावांच्या समोरच्या खुर्चीत बसून वीस वर्षं फक्त लिंबू-सोडा प्यायचे आणि दारूड्यांच्या संगतीने आपली तब्येत बिघडली असं घरी सांगायचे. शनिवारी नीलकमलमधला एकही माणूस ग्लासाला शिवत नसे. शनिवार मारुतीचा.

दोन हजार अकरामध्ये महापालिकेची नोटीस आली. रस्तारुंदीची रेषा चौथऱ्याच्या दोन फूट आतून जात होती. मग मंडळींनी रीतसर ट्रस्ट केला. वकील म्हणाले, नुसती नोंदणी पुरणार नाही, लोक इथे पूर्वीपासून येतात, दोन्ही अंगांनी येतात, असं दाखवायला हवं. नकाशा बापूरावांकडे आला. मारुतीच्या पुढच्या बाजूला रस्ता होताच. मागच्या बाजूला तीन फुटांचा जुना संडासबोळ होता. तो साफल्यच्या मागच्या गल्लीत निघे, पण निम्म्यावर शेजारच्या सोसायटीने ठोकलेला पत्रा होता आणि अलीकडे नीलकमलची रिकामी खोकी रचलेली असत. मांजर सोडून त्यातून कुणी जात नव्हतं. बापूरावांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या बोळात दोन समांतर तुटक रेघा ओढल्या. शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘भाविकांचा पूर्वापार येण्याजाण्याचा मार्ग’. खाली सही.

नकाशा खरा दिसावा म्हणून करीमभाईंनी मारुतीच्या मागच्या जाळीत एक छोटं लोखंडी फाटकही बसवून दिलं. त्याला कुलूप लावलं, ते चौदा वर्षांत उघडलं नव्हतं. पण मारुती वाचला. नोटीस दर वर्षी येई आणि ट्रस्ट दर वर्षी त्याच नकाशाची प्रत जोडून उत्तर देई.

चैतालीने सांगितलेल्या अडचणीवर तोडगा तिनेच काढला. पुढच्या दारापासून मारुती चौसष्ट मीटरवर होता. दार मागच्या गल्लीत काढलं तर इमारतीला वळसा पडेल आणि अंतर वाढेल. मात्र मागे पार्किंगच्या रॅम्पच्या कडेची काळोखी जागा मिळेल, रस्त्यावरची पाटी जाईल. असं दुकान दुसऱ्या कुणी फुकटही घेतलं नसतं. हिराताईंनी फार विचार केला नाही.

“माझ्याकडे येणारा माणूस रस्ता चुकून येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त किती मीटर होतात ते नीट बघा. कणसे, तुम्ही बघा.”

कणशांनी बघितलं. अठ्ठ्याऐंशी मीटर चाळीस सेंटिमीटर. त्या संध्याकाळी टेबलांवरून एकच जल्लोष झाला, सगळ्यांनी उभं राहून त्यांच्या टेपला नमस्कार केला, आणि करीमभाईंनी सोड्याची आणखी एक बाटली मागवली. बापूराव हसले. बोळातून किती होतं तेही त्यांनी मोजलं होतं, कुणी सांगितलं नसताना, सकाळी सहा वाजता, पत्र्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोन तुकड्यांत. त्रेपन्न.

तेव्हापासून त्यांचं बूड कुठे टेकेना. तपासणीला येणारा अधिकारी ट्रस्टची फाइल मागवेल का, एवढाच प्रश्न होता. टेपने अंतर मोजून, कागद रंगवून गेला तर नीलकमल मागच्या दाराने का होईना परत येणार होतं. फाइल उघडली तर त्यात चालायचा जवळचा रस्ता म्हणून तोच बोळ होता, त्यांच्याच अक्षरात. हे हिराताईंना आधीच सांगावं, असं त्यांना रोज सहा वाजता वाटायचं आणि साडेसातला ते न सांगता उठायचे. सांगायचं म्हणजे पहिल्यांदा हे सांगायला लागलं असतं, की कणशांनी खोटी रेघ ओढली.

जून गेला, जुलै गेला. सकाळी दूध आणायला निघालेले बापूराव बसने पेठेत येऊ लागले. वळशाच्या रस्त्याने चालायचे, पावलं मोजायचे, परत चालायचे. कधी एकशे सतरा पावलं भरत, कधी एकशे एकवीस. छत्तीस वर्षांत त्यांचं पाऊल असं चुकलं नव्हतं. शनिवारी मारुतीला नारळ देताना ते मागच्या फाटकाकडे पाठ करून उभे राहायचे. सून पूर्वाला धुवायच्या पँटच्या खिशात स्टीलची टेप सापडली, आणि आठवड्याने पुन्हा सापडली. तिने आयुषला सांगितलं. आयुष हिंजवडीला नोकरीला, त्याने चहा पिताना फोन पुढे केला.

“पप्पा, मॅपवर वॉकिंग नव्वद मीटर दाखवतंय. तुम्ही उगाच टेन्शन घेताय.”

त्या मॅपवर बोळ आहे का, असं बापूरावांनी विचारलं. आयुषने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. बोळ नव्हता. म्हणजे जगात तो बोळ रस्ता म्हणून एकाच कागदावर होता.

इमारत पंधरा सप्टेंबरला रिकामी करून द्यायची होती. काही मंडळींनी नव्या जागा बघायला सुरुवात केली. कुणीतरी कर्वे रस्त्यावरच्या एका बारमध्ये जाऊन आला आणि म्हणाला, तिथे मेन्यू मागितला तर टेबलावरच्या चौकोनाचा फोटो काढा म्हणतात, आणि गाणी इतकी मोठ्याने, की शेजारच्याला शिवी दिली तरी तो थँक यू म्हणतो. बापूराव एकदा करीमभाईंबरोबर तिथे गेले. पाच मिनिटांत उठले. करीमभाईंचा लिंबू-सोडा उंच ग्लासात पुदिन्याची काडी घालून आला होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

“बापू, तुला काय झालंय?” बाहेर आल्यावर करीमभाईंनी विचारलं. “बसत नाहीस, बोलत नाहीस.”

बापूरावांनी पोटाचं कारण सांगितलं. करीमभाईंनी ते ऐकून घेतलं. पण बोळाकडचं फाटक त्यांनीच बसवलं होतं.

तपासणी ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला झाली. उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक चाळिशीतले, चष्म्याचे, नेमकं बोलणारे होते. बरोबर एक शिपाई आणि लांब टेप. हिराताई इस्त्रीच्या साडीत आल्या होत्या, चैताली नकाशे घेऊन, कचरूमामा आणि करीमभाई भिंतीशी. नवं दार जिथे येणार तिथे चैतालीने खडूने खूण केली. शिपायाने टेपचं टोक धरलं आणि सगळे वळशाने निघाले. मारुतीच्या पुढच्या फाटकाशी निरीक्षकांनी आकडा वाचला. अठ्ठ्याऐंशी मीटर छत्तीस. बापूरावांच्या मनात आलं, चार सेंटिमीटरचा फरक टेप ढिली धरल्यामुळे आला. तरी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

निरीक्षकांनी आकडा लिहिला. मग देवळाभोवती एक चक्कर मारली, मागच्या फाटकाशी थांबले आणि कुलूप हलवून पाहिलं. हाताला गंज लागला, तो त्यांनी रुमालाने पुसला. बॅगेतून एक फाइल काढली. ट्रस्टची होती. फाइल मागवून घेणारा माणूस होता तो, त्याच्या जागी बापूराव असते तर त्यांनीही मागवली असती.

सगळे पुन्हा मागच्या गल्लीत आले. निरीक्षक बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. समोर खोकी, त्यामागे पत्रा. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे.

पत्रा कधी लागला ते निरीक्षकांनी विचारलं. उत्तराची वाट न बघताच ते म्हणाले, पत्रा आज आहे आणि उद्या काढता येतो, तेव्हा त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. हा जाण्यायेण्याचा रस्ता आहे की नाही एवढंच त्यांना लिहायचं होतं. असेल तर मोजणी इथून. नसेल तर आत्ता लिहिलेला आकडा कायम. नकाशा काढणारे गृहस्थ हयात आहेत का, असं त्यांनी विचारलं, आणि चार माणसांच्या नजरा एकाच जागी गेल्या.

निरीक्षकांनी कागद पुढे धरला.

“सही आपलीच ना? नकाशा बरोबर आहे?”

“बरोबर आहे,” बापूराव म्हणाले.

ते विचार करून म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. विचार करायला वेळच मिळाला नाही. सरकारी माणसाने कागद पुढे धरून हा प्रश्न विचारल्यावर जे उत्तर छत्तीस वर्षं तोंडातून निघत आलं तेच निघालं, स्वच्छ आणि खणखणीत. ते ऐकूनच त्यांना कळलं की आपण बोललो. तोंड पुन्हा उघडेपर्यंत शिपाई खोकी बाजूला सारत होता. निरीक्षकांनी पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी मोजून घेतलं आणि बेरीज केली. त्रेपन्न मीटर दोन. कचरूमामांनी खोकी पुन्हा होती तशी रचून ठेवली. चैताली म्हणाली की ती वरिष्ठांशी बोलून बघते, पण नकाशे तिने आधीच गुंडाळले होते. करीमभाई दुकानाकडे गेले.

बापूराव घरी गेले नाहीत. पेठेतच चकरा मारत राहिले आणि बाराच्या सुमाराला नीलकमलमध्ये येऊन तीन नंबरला बसले. इतक्या लवकर ते कधी आले नव्हते. आत दुसरं कुणी नव्हतं. कचरूमामांनी न विचारता पेग आणून ठेवला, शेंगदाणे ठेवले. हिराताईंनी तीन नंबरचा पंखा लावला. बापूरावांनी ग्लासाला हात लावला नाही.

“तो बोळ कधीच चालता नव्हता, ताई,” ते काउंटरकडे न बघता म्हणाले.

“माहीत आहे. माझीच खोकी आहेत तिथे.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं,” हिराताई म्हणाल्या. “मला नाही.”

बापूराव बोलत सुटले. उद्या साडेदहाला ते त्या ऑफिसात जाणार होते, लेखी देणार होते, की नकाशात चूक आहे, जबाबदारी माझी. हिराताईंनी त्यांना पुरं बोलू दिलं. मग विचारलं की ते लेखी महापालिकेकडे पोचायला किती दिवस लागतील, आणि पोचल्यावर मारुती कुठे ठेवायचा, परत खोक्यावर का. रेषा चौथऱ्याच्या दोन फूट आतून जाते हे बापूरावांनीच सांगितलं होतं. शिवाय आज बरोबर म्हणायचं आणि उद्या चूक, यातलं कुठलं खरं धरायचं, असं तो चष्मेवाला विचारणारच. हे सगळं त्यांनी स्टॉकचं रजिस्टर लिहिताना बोलावं तशा आवाजात सांगितलं.

“म्हणजे मी तिथे चूक म्हणालो असतो तरी मारुती गेलाच असता,” बापूराव म्हणाले. त्यात थोडी आशा होती.

हिराताईंनी पेन खाली ठेवलं.

“गेला असता की राहिला असता, ते पुढचं. मी भांडले असते, कणसे. दोन्हींसाठी भांडले असते, करीमभाईही आले असते. पण सुरुवात तुम्ही करायची होती. तीन महिने रोज तिथेच बसत होतात, माझ्यासमोर.”

बापूरावांनी शेंगदाण्यांची बशी थोडी डावीकडे सरकवली, मग होती तिथे आणली. ग्लास उचलला आणि ठेवला. बाहेर मागच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. पंधरा सप्टेंबरला अठरा दिवस होते, रोज येता आलं असतं, शनिवारी न पिता बसता आलं असतं. ते मनात मोजत होते.

खट् असा आवाज झाला.

बापूरावांनी सवयीने आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं. सगळी रिकामी होती. मग त्यांनी वर पाहिलं. काउंटरमागे हिराताईंचा हात बोर्डावरून खाली आला, त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहायला लागल्या. कचरूमामा फडकं घेऊन उगाचच आत गेले.

अजून एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद होते. नियमाप्रमाणे तेवढे त्यांचे होते, ते कुणी काढून घेतले नसते. वरचं पांढरं वर्तुळ हळूहळू फाटत गेलं आणि त्यातून तीन पाती वेगळी दिसायला लागली. बापूरावांना तेवढंही बसवलं नाही. चपला शोधाव्या लागल्या नाहीत, त्या पायातच होत्या. दारात पोचून त्यांनी मागे पाहिलं तेव्हा भरल्या ग्लासावरचा पंखा अजून फिरत होता.